टिटल

लेखनातील अतिसूक्ष्म खूण, आणि त्यावरून ‘तिळभर’, ‘यत्किंचित’ या अर्थी रूढ झालेला जुना इंग्रजी शब्द. आज तो एकटा क्वचितच भेटतो; ‘जॉट ऑर टिटल’ या जोडीत मात्र टिकून आहे. मराठीत त्याला सर्वांत जवळचा प्रयोग ‘काना-मात्रेचाही फरक नाही’ हा होय. दोन्हीकडे माप लिपीतूनच घेतलेले आहे.

मूळ शब्द लॅटिन ‘टिट्युलस’, म्हणजे मथळा. मध्ययुगात गाळलेल्या अक्षरांची खूण म्हणून शब्दावर मारलेल्या फराट्यालाही हेच नाव पडले. ‘टायटल’ आणि अक्षरावरच्या नागमोडी रेघेची नावे, स्पॅनिश ‘टिल्डे’ व पोर्तुगीज ‘तिल’, ही त्याचीच भावंडे. गोव्यातील चर्चच्या नावांत संत या अर्थी येणाऱ्या ‘सांव’ (रोमन लिपीत São) शब्दातल्या ‘ए’वर ही नागमोडी रेघ असते, गळालेल्या ‘न’चा अनुनासिक ती दाखवते, म्हणजे काम आपल्या अनुस्वाराचेच. कुचाळकी या अर्थाचा ‘टिटल-टॅटल’ मात्र वेगळा, नुसता ध्वन्यनुकारी.

इंग्रजीत ही जोडी रुळली ती बायबलमुळे (मत्तय ५:१८). विल्यम टिंडलच्या १५२६ च्या भाषांतरात ती आहे आणि १६११ च्या राजमान्य आवृत्तीतही. ग्रीक पाठात ‘आयोटा’ आणि ‘केराइआ’ (शिंग) हे शब्द आहेत. आयोटाचा ‘जॉट’ झाला. त्यामागे हिब्रूतील सर्वांत लहान अक्षर ‘योद’ आहे. शिंग म्हणजे अक्षराचे बाहेर आलेले टोक, असा अर्थ सहसा घेतात. हिब्रूत ‘दालेथ’ आणि ‘रेश’ यांत फरक एवढाच की दालेथचा उजवा वरचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. तो कोपरा घासला गेला तर ‘एक’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाचा ‘दुसरा’ या अर्थाचा शब्द होतो, आणि तोही ‘देव एक आहे’ या वचनात! म्हणून ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळीत तेथे दालेथ मुद्दाम मोठा काढतात.

‘आय’ या लहान इंग्रजी अक्षरावरच्या ठिपक्यालाही टिटलच म्हणतात. गॉथिक या मध्ययुगीन युरोपीय हस्ताक्षर-वळणात ‘एम’, ‘एन’, ‘यू’, ‘आय’ ही सगळी एकसारख्या उभ्या दांड्यांनी बनत. ‘मिनिमम’ लिहिला की सलग १५ दांड्या. त्यांतली ‘आय’ची कोणती, हे कळण्यासाठी लेखनिक वर बारीक तिरकी रेघ देऊ लागले. तिचाच पुढे ठिपका झाला. छपाईत ‘एफ’चे वरचे वळलेले टोक शेजारच्या ‘आय’च्या ठिपक्यावर आदळते, म्हणून दोन्ही अक्षरांचा मिळून एकच जोडखिळा (छपाईचा ठसा) पाडत. तुर्कीत तर ठिपक्याचा ‘आय’ आणि बिनठिपक्याचा ‘आय’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. संगणकाने इंग्रजी नियमाने मोठ्याचे लहान अक्षर केले की तुर्की शब्द बिघडतो.