कोल्हापूरची गाडी मिरजेत उलटी का फिरते?

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेली गाडी मिरजेला थांबते, तिचं इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागतं आणि आलेल्या बाजूनेच ती बाहेर पडते. नवख्या माणसाला वाटतं, गाडी परत कोल्हापूरला निघाली की काय! या उलटापालटीचं मूळ सव्वाशे वर्षांहून जुन्या आखणीत आहे.

सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज (अरुंद रुळांची) लाईन मिरजेवरून नेली. कोल्हापूर बाजूला राहिलं. मग संस्थानाने स्वतःच्या पैशाने मिरजेपर्यंतचा फाटा बांधायला घेतला. १८८८ साली पायाभरणी झाली तेव्हा शाहू महाराज वयाने लहान होते, कारभार हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये हा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. पुण्याची लाईन आणि हा फाटा मिरज स्टेशनाच्या एकाच टोकाला येऊन मिळतात, म्हणून गाडीला उलटं फिरावं लागतं.

त्याचा खरा उपयोग करून घेतला तो मात्र महाराजांनीच. १८९५ मध्ये त्यांनी स्टेशनालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे रुजवला. १९१७ मध्ये याच लाईनवर जयसिंगपूर उभं राहिलं. आजही या मार्गावर 'गूळ मार्केट' नावाचं छोटं स्टेशन आहे. रेल्वेला दुसरं एखादं गुळाचं स्टेशन असेल असं वाटत नाही. शेजारच्या वळिवडे स्टेशनाजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती.

१९७१ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा झाला. तोवर मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे; मग महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीत थेट मुंबई गाठता येऊ लागली.

रस्त्याची गोष्ट वेगळी. पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो. तावडे हॉटेलपाशी वळलं की कोल्हापूर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पाणी आलं आणि महामार्ग बंद पडला. रुकडीच्या पुलाजवळ पाणी चढल्याने रेल्वेही थांबली. पंचगंगा एकच, तिने दोन्ही वाटा एकदम अडवल्या.

पश्चिमेला तर रूळ गेलेच नाहीत. कोकणाशी व्यवहार आंबा, फोंडा, गगनबावडा या वाटांनी चालत आला. कोल्हापूरला कोकण रेल्वेवरच्या वैभववाडीशी जोडणाऱ्या रेल्वेमार्गाला २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात जागा मिळाली. लांबी शंभर किलोमीटरहून थोडी जास्त, पण मधे सह्याद्रीचा कडा. हा मार्ग झाला तर कोल्हापूर शेवटचं स्टेशन राहणार नाही. निवडणुकीच्या सभांतून तो कितीदा 'झाला' ते कोल्हापूरकरांना पाठ आहे. तोवर वैभववाडीला उतरून इकडे यायचं तर करूळ नाहीतर भुईबावडा घाटाचाच रस्ता धरायचा. पावसाळ्यात दरड कुठे आली आहे, ते स्टँडवर आधी विचारून घ्यावं.