टाइल्सच्या आधी: बाथरूमच्या जमिनीची पूर्वतयारी आणि वॉटरप्रूफिंग (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जुनी लादी काढल्यापासून नवी टाइल बसेपर्यंत बाथरूम बरेच दिवस बंद राहते आणि त्यांतील काही दिवस तर तेथे काहीच काम चाललेले दिसत नाही. हे दिवस कशासाठी लागतात, हे आपल्याला आधीच ठाऊक असावे म्हणून हे पत्रक देत आहोत. टाइल चांगली असली की पाणी अडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. टाइलमधून पाणी जात नसले, तरी सांध्यांतील सिमेंटच्या ग्राउटमधून ते झिरपतेच, आणि ते अडवण्याचे काम टाइलखालच्या थरालाच करावे लागते.

जुन्या इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बहुधा इतर खोल्यांपेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी मुरलेला असा कोबा फोडला की आतली वीट ओली आणि काळपट निघते व हाताने चुरगळते. असा भराव तसाच ठेवून वर नवा थर देणे आम्हाला मान्य नाही. आतले पाणी कोठे तरी वाट काढतेच, आणि ती वाट बहुतेक वेळा खालच्या घराच्या छतातून असते. म्हणून भराव पूर्ण काढून प्रथम मूळ स्लॅबवर एक थर, मग नवा भराव, आणि टाइलच्या लगेच खाली दुसरा थर, असे दोनदा वॉटरप्रूफिंग केले जाते. स्लॅब खाली घेतलेला नसेल, तर एकाच थरावर काम भागते.

थर देण्यापूर्वी सुटी माती, जुना मसाला आणि तेलकटपणा काढून टाकतात, भेगा छिन्नीने रुंद करून भरतात, भिंत व जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाकार वाटा मारतात (म्हणजे कोपरा मसाल्याने गोल करतात) आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याचे तोंड; पुढे नुसते ‘नहाणी’) व पाइपांभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करतात. नहाणीकडचा उतार दर मीटरला सुमारे १२ मिलिमीटर असावा आणि तो याच टप्प्यावर, थराच्या खाली, काढलेला असावा. टाइल बसवताना मसाला कमीजास्त करून उतार साधला, तर टाइलवरचे पाणी वाहून जाते, पण खाली झिरपलेले तेथेच साचून राहते.

वॉटरप्रूफिंगचा थर म्हणजे पावडर आणि द्रव असे दोन घटक असलेले कोटिंग; ते पिशवीवरील प्रमाणातच मिसळायचे असते. ब्रश सहज फिरावा म्हणून त्यात पाणी घालण्याची कारागिरांची सवय आम्ही खपवून घेत नाही. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, आणि कोपऱ्यांत दोन्हींच्या मध्ये जाळीची पट्टी. कोटिंग भिंतीवर किमान फूटभर, तर शॉवरच्या बाजूला सहा-सात फुटांपर्यंत चढवले जाते.

उंबऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बेडरूमच्या भिंतीचा रंग खालून फुगतो, दाराची चौकट तळाशी कुजते आणि दोष भिंतीला दिला जातो. प्रत्यक्षात ग्रॅनाइटच्या उंबऱ्याखालचा मसाला कोरडा दिसत असूनही पाणी पलीकडे नेत असतो. त्यासाठी उंबरा बसवण्यापूर्वीच कोटिंग त्याच्या खालून नेऊन चौकटीच्या बाजूंनाही चढवले जाते.

कोटिंग पुरते सुकले की नहाणी रबरी बुचाने बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरतो, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करतो आणि ४८ तास कोणालाही आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात काही पाणी वाफ होऊन उडते, म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण केली जाते. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर काळजीचे कारण नाही. जमिनीवरची अधिक उतरली तर गळती आहे. खालच्या घराचे छतही आधी आणि नंतर पाहून घ्यावे लागते, त्यासाठी तेथील मंडळींशी आपण आधीच बोलून ठेवावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेकडे असली, तरी घरातील शौचालय-बाथरूमच्या गळतीचा खर्च सभासदावरच येतो.

आमची एक चूकही येथे सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात एका कामात पाण्याची चाचणी उत्तम झाली होती; नंतर कमोड बसवताना स्क्रूसाठी जमिनीत पाडलेली चार भोके थेट कोटिंगच्या आरपार गेली आणि तीन महिन्यांत खाली ओल उतरली. सगळी टाइल आम्हाला स्वखर्चाने काढावी लागली. तेव्हापासून कमोडच्या जागा आधीच आखून घेतो, भोकांत सीलंट भरल्याशिवाय स्क्रू बसवत नाही आणि टाइल बसेपर्यंत कोटिंगवर गोणपाट अंथरून ठेवतो. आपणही हँड शॉवरचा हूक किंवा साबणदाणी पुढे कधी बसवून घ्याल, तेव्हा छिद्र जमिनीपासून फूटभर वर आणि शॉवरच्या भिंतीवर शक्यतो सांध्यातच पाडायला सांगावे व त्यात सिलिकॉन भरून घ्यावे.