नक्षीदार पोलाद आणि दुर्मीळ मुठी: संग्राह्य चाकूंच्या किमतीमागचा इतिहास

संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या मिटत्या चाकूंना आज जी किंमत मोजली जाते, तिचा धारेशी फारसा संबंध नसतो. पेरू कापण्याइतकी धार साध्या कारखानी चाकूलाही असते. भाव मिळतो तो पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीला आणि मुठीच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या पट्ट्यांना. आणि या दोन्हींचा माग काढला तर तो बराचसा हिंदुस्थानात येऊन पोहोचतो.

जुन्या शस्त्रांची पारख कोल्हापूरला नवी नाही. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्याकडून त्यांना भेट मिळालेली तलवार आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते युरोपात घडलेले आणि रत्नजडित मूठ इकडची आहे. फिरंगी पात्याला देशी मूठ बसवण्याची ही रीत मराठी मुलखात रूढ होती, म्हणजे पाते आणि मूठ यांचे मोल वेगवेगळे करण्याची सवय आपल्याकडे पूर्वीपासून होती.

पात्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दक्षिण हिंदुस्थानात, विशेषतः आजच्या तमिळनाडू आणि तेलंगण भागात, लोखंडाचे तुकडे लाकूड-पाल्यासह मातीच्या बंद मुशीत वितळवून आणि अतिशय सावकाश निववून पोलादाच्या वड्या तयार होत. इंग्रजांनी त्यांना वूट्झ म्हटले. या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्का, म्हणजे आजच्या नेहमीच्या पोलादापेक्षा बरेच जास्त असे, आणि गोवळकोंड्याच्या परिसरातून या वड्या इराणपर्यंत जात. लोहाराने त्या बेताच्या आचेवर पुन्हा पुन्हा ठोकल्या की कार्बाइडचे, म्हणजे लोखंड आणि कार्बन यांच्या कठीण संयुगाचे, कण ओळीने मांडले जात, आणि पाते आम्लाने धुतल्यावर तीच ओळ पाण्याच्या लहरीसारखी दिसू लागे. युरोपीय लोकांना ही पाती पश्चिम आशियाच्या बाजारांतून माहीत झाली, म्हणून नाव दमास्कसचे पडले. मूळ माल गेला होता इथून.

मायकेल फॅरडे यांनी १८१९ च्या सुमारास या पोलादाचे पृथक्करण केले आणि पुढे जेम्स स्टोडार्ट या चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादातील मिश्रणांवर प्रयोग केले, तरी नक्षीचे कारण त्यांच्या हाती लागले नाही. ते स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. जॉन व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहारकाम करणारे कारागीर यांनी १९९८ मध्ये दाखवले की खनिजातून आलेला व्हॅनेडियम हा धातू, तोही वजनाच्या दशलक्ष भागांत काही दशक भाग इतका अल्प, कार्बाइडला ओळीत बसवतो. एखाद्या खाणीचे खनिज संपले की तेथील लोहाराचे कसब कायम असूनही नक्षी उमटणे बंद होत असणार, हा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. विद्या लोपली असे म्हणण्यापेक्षा कच्चा माल बदलला, हे स्पष्टीकरण कारागिरांवर कमी अन्याय करणारे आहे.

आज खिशातल्या चाकूवर ‘दमास्कस’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा हे पोलाद नसते. अमेरिकन लोहार विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात थरांच्या पोलादाचे चाकू मांडले, आणि तेथून त्याची लाट आली. जास्त कार्बनचे पोलाद आणि निकेल मिसळलेले पोलाद यांच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत जोडायच्या, घडी घालायच्या, पिळायच्या; मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले की निकेलचे थर उजळ राहतात आणि बाकीचे काळवंडतात. १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये पोलादाच्या भुकटीपासून गंज न धरणारे असेच नक्षीदार पोलाद निघाले, आणि मिटत्या चाकूंमध्ये त्याला मोठी पसंती मिळाली. हेही काम उत्तमच आहे, मात्र त्याला मुशीतल्या पोलादाचा वारस म्हणणे बरोबर नाही.

मुठीच्या इतिहासात कायद्याचा हात अधिक दिसतो. इंग्लंडमधील शेफील्ड या चाकूंच्या गावचे कारखाने एकोणिसाव्या शतकात हस्तिदंत, शिंपला आणि सांबरशिंग वापरत. त्यांपैकी जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी केलेल्या पंचाहत्तर पात्यांच्या अवाढव्य चाकूची मूठ कोरीव शिंपल्याची होती. सांबरशिंगाला मागणी असण्याचे कारण साधे आहे: ते इतर हरणांच्या शिंगांपेक्षा घट्ट असते, त्याच्या मधला पोकळ भाग कमी असतो, आणि बाहेरची खडबडीत साल पकडीला उपयोगी पडते. आपल्याकडे जे घरोघरी औषधाला उगाळून लावत, तेच शिंग अमेरिकेत चाकूच्या मुठीवर ‘इंडिया स्टॅग’ म्हणून मिरवत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात थांबवली, आणि आधी बाहेर गेलेल्या साठ्याचा भाव चढला. राधानगरीच्या जंगलात गळून पडलेले शिंग उचलून आणणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे हौशी मंडळींनी लक्षात ठेवावे.

आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरील कराराच्या १९८९ च्या निर्णयाने बंद झाल्यावर सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारे मॅमथ या नामशेष झालेल्या हत्तीसारख्या प्राण्याचे सुळे पुढे आले. त्यांत लोहाचे फॉस्फेट झिरपून निळसर-हिरवी छटा येते आणि तीच आता मोलाची ठरते. कापलेल्या पृष्ठावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात. बाहेरच्या भागात त्यांचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी असेल तर तो सुळा मॅमथचा, एकशेपंधरा अंशांहून जास्त असेल तर हत्तीचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या कोरड्या उन्हात असा सुळा तडकतो, म्हणून राळ मुरवलेला घेणे बरे. कागद किंवा कापड राळेत दाबून केलेला मायकार्टा १९१० च्या सुमारास विजेच्या कामासाठी निघाला आणि आज जुना असेल तर तोही संग्राहक शोधतात.

स्वस्तात मिळणाऱ्या नक्षीदार पात्यांपैकी पुष्कळशी पाकिस्तानातील वझीराबादची असतात. त्यांतली काही प्रामाणिक थरांची असतात, काहींची नक्षी फक्त वरून कोरलेली असते. पॉलिश पेपरने कोपऱ्यात थोडे घासून आम्ल लावले की खरी नक्षी पुन्हा उमटते, कोरलेली उमटत नाही. मुशीतले जुने पोलाद म्हणून कोणी लाखभर रुपये मागत असेल तर कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एखाद्या फाउंड्रीत धातू तपासणाऱ्याकडून पात्यातील धातूंचे क्ष-किरणांनी मोजमाप करून घ्यावे. त्यात टक्का-दीड टक्का निकेल निघाले तर ते आधुनिक थरांचे पाते आहे.