गरोदरपणातील रक्तबदल

गरोदरपणात स्त्रीच्या अंगातले रक्त वाढते आणि त्याच वेळी पातळही होते. दिवस राहिल्यावर काही आठवड्यांतच मूत्रपिंडे मीठ व पाणी अधिक धरून ठेवू लागतात. रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्केच वाढतात. म्हणून एकूण हिमोग्लोबिन वाढूनही तपासणीतला आकडा खाली येतो. याला ‘शारीरक्रियात्मक रक्तक्षय’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण हा आजार नव्हे. पातळ रक्त वारेतून सहज वाहते, आणि बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त गेले तरी आई ते सोसू शकते.

हृदय मिनिटाला १० ते २० ठोके जास्त देते. रक्तवाहिन्या सैलावल्याने मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येते. कुशीवर वळले की बरे वाटते.

खरा घोर आहे तो लोहाचा. एका गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले साधारण ३०० बाळ आणि वार घेतात. एवढा साठा फार थोड्या जणींकडे असतो. पहिल्या व शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, तर ‘या दिवसांत असे होतेच’ म्हणून सोडून देणे धोक्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. माती किंवा खडू खावासा वाटणे हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते. पुष्कळदा त्यामागे लोहाची कमतरता असते.

कारण दरवेळी लोहच असते असे नाही. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांनी गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोहासोबत तेच असते. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह नीट शोषले जात नाही; लिंबू सरबत चालते. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या थांबवू नयेत.

बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवड्यांत रक्ताचे प्रमाण पूर्ववत होते. जास्तीच्या तांबड्या पेशींतले बरेच लोह आईच्या साठ्यात परत येते. बाळाने नेलेले मात्र तिला आहारातूनच भरून काढावे लागते.