मायकोबॅक्टेरिया

मायकोबॅक्टेरिया : मेणचट भित्ती असलेल्या, काडीच्या आकाराच्या जिवाणूंची एक प्रजाती. लेमान व नॉयमान या जर्मन शास्त्रज्ञांनी ती १८९६ मध्ये स्थापली. तिच्या दीडशेहून अधिक जाती माहीत आहेत. बहुतेक माती-पाण्यात राहतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. रोग करणाऱ्या जाती थोड्या. पण माणसाचे क्षय व कुष्ठरोग आणि गुरे, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या व मासे यांचे अनेक चिवट आजार त्यांच्याच खाती जमा आहेत.

या जंतूंचा सगळा स्वभाव त्यांच्या भित्तीत आहे. तिच्यातली मायकोलिक आम्ले म्हणजे साठ ते नव्वद कार्बन अणूंची लांबलचक मेदाम्ले. त्यांच्यामुळे रंग, जंतुनाशके आणि कित्येक प्रतिजैविके सहजी आत शिरत नाहीत. थुंकी तपासताना काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर पसरतात, त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओततात आणि खालून ज्योत फिरवून वाफ येईपर्यंत तापवतात; उकळू मात्र देत नाहीत. मग आम्लाने धुतले की बाकी सगळ्याचा रंग उतरतो, या काड्यांचा उतरत नाही. शेवटी निळा रंग दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर त्या लाल दिसतात. म्हणून त्यांना आम्लस्थिर म्हणतात. ही झील-नील्सन पद्धत स्वस्त आहे, पण थुंकीच्या दर मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेस पडत नाहीत. जनुकीय तपासणी ही उणीव भरून काढते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र त्यासाठीच आहे. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही त्यावर कळते.

दुसरा गुण संथपणाचा. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला पंधरा ते वीस तास लागतात. घन माध्यमावर तो वाढवायचा तर सहा-आठ आठवडे थांबावे लागते. नेहमीचा औषधोपचारही सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग धरते आणि रोगी गोळ्या सोडतो. औषधांना न जुमानणारा क्षय अशाच अर्धवट उपचारांतून फोफावतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. याच कॉख यांनी १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही असे सांगितले, आणि ते चुकीचे ठरले. ब्रिटिश राजआयोगाने दहा वर्षे प्रयोग करून दाखवले की गाईचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, कच्च्या दुधातून मुलांच्या पोटात जातो आणि गंडमाळा, आतड्यांचा व हाडांचा क्षय करतो. दूध तापवून पिण्याची आपल्याकडची सवय या बाबतीत फार मोठे संरक्षण आहे. कॅलमेट व गेरँ यांनी याच बोव्हिसला तेरा वर्षे प्रयोगशाळेत वाढवून सौम्य केले आणि १९२१ पासून बाळांना बीसीजी लस मिळू लागली.

गुरांतला क्षय ओळखण्यासाठी मानेवरचे केस भादरून कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासून काढलेले प्रथिनद्रव्य) टोचतात. आधी आणि बहात्तर तासांनी कातडीची घडी कॅलिपरने मोजतात. जाडी चार मिलिमीटर वा अधिक वाढली तर जनावर बाधित. पाश्चात्त्य देशांत असे जनावर मारून टाकतात. महाराष्ट्रात गाय-बैलांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे आणि दोन-चार जनावरांच्या मालकाला वेगळा गोठा परवडत नाही. हा प्रश्न पशुवैद्यकावर ढकलून सुटणारा नाही. आरोग्य खात्यानेही तो आपला मानला पाहिजे. शिवाय भारतात केवळ बोव्हिस शोधून भागत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांच्या नमुन्यांवरील २०२० च्या अभ्यासात बोव्हिस सापडलाच नाही. काही नमुन्यांत गुरांतही आढळणारा मायकोबॅक्टेरियम ओरायजिस निघाला. रोग उलट दिशेनेही जातो: पाळीव हत्तींमधला क्षय बहुधा माणसाच्याच जंतूचा असतो.

जोन्स रोग (पराक्षय) हा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्याचा रोग. लागण वासरू लहान असतानाच शेणाने माखलेल्या सडांतून, चिकातून होते आणि लक्षणे दोन-चार वर्षांनी दिसतात. जनावर चारा खाते, ताप नसतो, तरी न थांबणारी हगवण लागते, दूध आटते, जबड्याखाली पाणी साचते आणि ते खंगत जाते. तोवर त्याच्या शेणातून गोठा बाधित झालेला असतो. भरवशाचा उपचार नाही. वासरू वेळीच वेगळे करणे आणि सड धुऊनच चीक काढणे हाच मार्ग.

कुष्ठरोगाचा जंतू गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला. तो दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे घेतो आणि आजही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. संशोधक त्याला उंदराच्या तळपायात आणि आर्माडिलो या कवचधारी अमेरिकी प्राण्यात वाढवतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात रानटी आर्माडिलोंकडून माणसांना लागण झाल्याचेही आढळले आहे. १९८२ पासूनच्या बहुऔषधी उपचाराने रोग पूर्ण बरा होतो. दत्तपूर व आनंदवन येथील कामाने महाराष्ट्रात रोग्याला माणूस म्हणून जागा दिली, तरी चट्टा लपवण्याची वृत्ती अजून गेलेली नाही, आणि उशीर झाला की नसा कायमच्या निकामी होतात.

माती-पाण्यातल्या जातीही संधी मिळाली की त्रास देतात. मायकोबॅक्टेरियम मरिनम मत्स्यालय साफ करणाऱ्याच्या हातावर गाठी आणतो. एव्हियम एड्सच्या रुग्णांत सर्वांगात पसरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी टाक्यांच्या जागी गाठ येऊन पू वाहू लागला आणि नेहमीची प्रतिजैविके लागू पडली नाहीत, तर चेलोनी, फॉर्च्युइटम किंवा अॅबसेसस यांचा संशय घ्यावा. उपकरणे नळाच्या पाण्यात खंगाळल्याने हे जंतू जखमेत जातात, म्हणून शेवटचे धुणे निर्जंतुक पाण्यानेच व्हावे लागते.