पार्श्वभूमी : आचरट दोस्तांचे मराठी सिनेमे आणि करपरताव्याचा वाद

दोन मित्र, खिसा रिकामा, घरमालक दाराशी, आणि सुटकेसाठी लढवलेली शक्कल आधीच्या अडचणीहून मोठी होऊन बसते. मराठी पडद्यावर या मांडणीची खरी भरभराट 1985 ते 1993 या काळात झाली. त्या सिनेमांना समीक्षकांनी तेव्हा पांचट म्हटले, बाष्कळ म्हटले, आणि तरी आजही टीव्हीवर ते लागले की घरातले चॅनल बदलत नाहीत. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, पण फार मागे नाही.

तमाशातली बतावणी म्हणजे दोघांची जुगलबंदी. एक थापा मारतो, दुसरा त्या उचलून धरतो, कधी मुद्दाम पाडतो. गवळणीत कृष्णाबरोबर पेंद्या असतो, वगात राजाबरोबर शिपाई. सिनेमातल्या जोडगोळीचे मूळ इथेच आहे, आणि त्याचा धागा एका लेखकाच्या कामात स्पष्ट दिसतो. 1965 मध्ये रंगभूमीवर आलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य, 1971 चा ‘सोंगाड्या’ आणि 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’ या तिन्हींचे लेखन एकाच माणसाचे, वसंत सबनीस यांचे. फडावरचा हजरजबाबी हवालदार आणि पुण्यात खोली शोधणारा धनंजय माने एकाच लेखणीतून उतरले आहेत, ही गोष्ट या सिनेमांना परकी नक्कल म्हणणाऱ्यांनी कधी नीट विचारात घेतली नाही.

‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूर थिएटरात त्याला जागा मिळावी म्हणून एका राजकीय संघटनेला रस्त्यावर उतरावे लागले, हे सर्वश्रुत आहे. त्याचा नायक दादा कोंडके याचे पुढचे चित्रपट रौप्यमहोत्सवांवर रौप्यमहोत्सव करत गेले. 1975 च्या ‘पांडू हवालदार’मध्ये त्याच्या जोडीला अशोक सराफ हा तरुण अभिनेता उभा राहिला, तोच पुढे दहा-बारा वर्षांनी शहरी विनोदपटांचा कणा झाला. त्या सत्तरच्या दशकातल्या द्वयर्थी संवादांवर सेन्सॉरशी झालेल्या झटापटी हा वेगळा विषय आहे. इथे इतकेच लक्षात ठेवायचे की पिटातला प्रेक्षक मराठी सिनेमासाठी पदरचे पैसे मोजतो, हे तेव्हा सिद्ध झाले होते.

याच सुमारास, 1975 च्या आसपास, राज्य सरकारने करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. आजही मराठी विनोदपटांचा विषय निघाला की भांडण येऊन थांबते ते याच योजनेवर. तिची रचना साधी होती. तिकिटाच्या किमतीत करमणूक कर धरलेला असे. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला हा कर सरकार निर्मात्याला परत देई, मात्र त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तरच. म्हणजे पहिल्या चित्रपटाचा प्रेक्षक दुसऱ्या चित्रपटाचे भांडवल उभे करत होता.

यातून दोन गोष्टी आपोआप घडल्या. परतावा विकलेल्या तिकिटांशी जोडलेला असल्यामुळे ज्याचा गल्ला मोठा त्याचा परतावाही मोठा. आणि पैसे हातात पडायचे तर नवा चित्रपट सुरू करणे भाग असल्यामुळे निर्माते थांबत नव्हते. कमी खर्चात, लवकर पुरा होणारा, तालुक्याच्या थिएटरात आणि जत्रेतल्या तंबूतही चालणारा सिनेमा कोणता? एक बंगला, सात-आठ पात्रे, तीन-चार गाणी, वेषांतर आणि पळापळ. विनोदपट या हिशेबात चपखल बसला. सावकाराच्या व्याजावर चित्रपट काढणाऱ्या निर्मात्याला परताव्याची रक्कम केवढा आधार होती, हे निर्मितीचा ताळेबंद पाहिलेल्या कोणालाही कळेल.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की या योजनेने निर्मात्याला दर्जाची फिकीर ठेवली नाही. परतावा सोडवून घेण्यापुरते चित्रपट निघाले, त्याच त्या कथा फिरत राहिल्या, आणि नव्वदचे दशक उजाडेपर्यंत मराठी सिनेमा म्हणजे आरडाओरडा असे समीकरण झाले. यात तथ्य आहे. लाटेच्या उत्तरार्धातले कितीतरी विनोदपट आज पाहवत नाहीत. त्यांत जोडी असते, पण त्या दोघांमध्ये दोस्ती अशी नसतेच, नुसते दोन विदूषक पाळीपाळीने ओरडतात.

पण सगळे खापर योजनेवर फोडणे अन्यायाचे आहे. ‘सामना’ 1975 चा, ‘सिंहासन’ 1979 चा, ‘उंबरठा’ 1982 चा. हे चित्रपट त्याच राज्यात, त्याच काळात निघाले. कर परत मिळतो म्हणून कोणी वाईट लिहीत नाही. शिवाय ज्या वर्षांत व्हिडिओ पार्लर गल्लोगल्ली उघडत होती, रंगीत टीव्ही घरात आला होता आणि शहरांतली चांगली थिएटरे हिंदीकडे होती, त्या वर्षांत मराठी चित्रपटाचा तंत्रज्ञ, प्रकाशयोजनाकार, नृत्यदिग्दर्शक कामावर राहिला तो याच विनोदपटांमुळे. पुढे परताव्याच्या जागी अनुदान आले, आणि समितीने चित्रपट पाहून ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरवायची पद्धत रुळली. तिकीट काढणाऱ्याचा कौल मागे पडला, परीक्षकाचा पुढे आला. गंभीर चित्रपटांना त्याचा फायदा झाला, हे मान्य. आचरट सिनेमाला मात्र दर्जा मागायला समितीपुढे उभे राहावे लागले, आणि तिथे हशा मोजला जात नाही.

1985 चा ‘धूमधडाका’ या लाटेची सुरुवात मानला जातो. त्याचे मूळ 1964 च्या एका तमिळ चित्रपटात, आणि मध्ये 1966 ची हिंदी आवृत्तीही होऊन गेली होती. 1987 मध्ये ‘गंमत जंमत’ आला, दोन कफल्लक मित्र श्रीमंत बापाच्या मुलीला पळवतात आणि तिला सांभाळता सांभाळता स्वतःच मेटाकुटीला येतात. त्याच वर्षीच्या ‘दे दणादण’मध्ये साध्या हवालदाराला अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती नाहीशी होते. याच वर्षी मल्याळममध्येही दोन बेकार तरुणांची जोडी पडद्यावर आली आणि तिथे ती आजतागायत लाडकी आहे. हा योगायोग वाटत नाही. ऐंशीच्या दशकात शिकलेला, नोकरी नसलेला तरुण प्रत्येक भाषेत होता. मुंबईत तर 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या घराघरांतला पगार बंद झाला. त्याच लालबागच्या भारतमाता थिएटरात मराठी चित्रपट पाहणाऱ्यांना पडद्यावरची उधारी समजावून सांगावी लागत नव्हती.

‘अशी ही बनवाबनवी’ 23 सप्टेंबर 1988 ला आला. त्याची मूळ कल्पना 1966 च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटाची, पण तो विस्मरणात गेला आणि मराठी अवतार घरोघरी पाठ झाला. फरक कुठे पडला हे पाहायला घरमालक सरपोतदारांचा एकच प्रसंग पुरे. घरमालकाने मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये दिलेले आहेत, औषध इस्तंबूलहून मित्र आणणार होता, आणि आता मित्रही नाही, औषधही नाही, पैसेही नाहीत, हे माने अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगतो. रक्कम सत्तर रुपयांची आहे, सत्तर हजारांची नाही. मालक कंजूष आहे पण आजारी आहे, भाडेकरू लबाड आहे पण नाडलेला आहे. दोघांची बाजू आपल्याला कळते, म्हणून तो प्रसंग कितव्यांदाही चालतो.

दुसरा प्रसंग डोहाळजेवणाचा. नवे घर मिळावे म्हणून मित्रांपैकी परशाची पार्वती झालेली, घरमालकीण लीलाबाई कौतुकाने तिचे डोहाळे पुरवायला निघालेल्या, साडी, फुले, गाणे. दाढी करून लुगडे नेसलेला मित्र हसू आणतो हे खरेच, पण त्या म्हातारीची माया खरी आहे आणि आपण तिला फसवतो आहोत याचा संकोच चौघा मित्रांच्याही चेहऱ्यावर आहे. पोरकट विनोदाला एवढी माणुसकी जोडलेली असली की तो शिळा होत नाही, असे मला ठामपणे वाटते. एका मित्राने लुगडे नेसायचे ते दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर राहावे म्हणून, आणि त्याबद्दल कोणी कोणाला भाषण देत नाही.

2000 साली हिंदीत ‘हेराफेरी’ आला. तोही 1989 च्या मल्याळम चित्रपटावरून बेतलेला, पण त्यातला घरमालक धोतर नेसणारा बाबूराव गणपतराव आपटे. भाडे थकवणारे दोघे, स्वतःही कर्जात बुडालेला मालक, चुकून आलेला फोन. मराठी प्रेक्षकाला ही माणसे ओळखीची होतीच.

‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर मराठी सिनेमाची चर्चा दुसऱ्या दिशेने वळली आणि विनोदपटांचा काळ ‘मधला वाईट काळ’ म्हणून लिहिला जाऊ लागला. प्रेक्षकाने ते मनावर घेतले नाही. वाहिन्यांनी तेच सिनेमे पुन्हा पुन्हा दाखवले, मोबाइल आल्यावर त्यातले प्रसंग मीम होऊन फिरू लागले, आणि हे सिनेमे थिएटरात लागले तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुले मानेची वाक्ये मित्राला पाठवू लागली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विरून गेला. त्याच वर्षी शाळकरी दोस्तांच्या उनाडक्यांवरचा ‘बॉईज’ आला आणि 2023 पर्यंत त्याचे चार भाग झाले. त्यांच्यावरही पांचटपणाचाच शिक्का बसला आहे. त्यांतला दोस्त भाड्यासाठी खोटे बोलत नाही, वसतिगृहाच्या शिस्तीतून सुटण्यासाठी बोलतो. पण पकडला गेल्यावर शेजारच्याचे नाव तोही सांगत नाही.