डिस्चार्ज कार्डावरचे शब्द आले कुठून?

लकव्याचा पेशंट नागपूरहून किंवा सेवाग्रामहून गावी येतो तेव्हा गोळ्यांच्या पिशवीसोबत डिस्चार्ज कार्ड येतं. त्यावर लिहिलेलं असतं: लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट (मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी तुंबून तिथला भाग निकामी), राइट हेमिप्लेजिया (उजवं अर्धं अंग लुळं), ब्रोका अफेझिया, जीसीएस ई4 व्ही2 एम6, बार्थेल 40. घरातले आणि आशाताई ते उलटसुलट करून पाहतात, मग ते फाइलीत जातं. यातला एकेक शब्द वेगळ्या देशात, वेगळ्या नडीपोटी तयार झाला आहे, आणि ती नड कळली की कार्ड बरंचसं उलगडतं.

गावापुरतं सांगायचं तर आजार एकच: "बुढ्याले लकवा मारला." हा शब्द अरबी-युनानी वैद्यकातला. तिथे लकवा म्हणजे नुसतं तोंड वाकडं होणं; अर्धं अंग जाण्याला फालिज म्हणत. आयुर्वेदाने पक्षाघात वाताच्या विकारांत धरला. 'अंगावरून वारं गेलं' हे त्याच घराण्यातलं बोलणं. युरोपातला जुना शब्द अपोप्लेक्सी, म्हणजे तडाखा. तो कुणाचा, हे देवावर सोडलेलं. 1658 मध्ये स्विस वैद्य वेपफर यांनी शवविच्छेदनावरून मेंदूतला रक्तस्राव दाखवला, तेव्हा दुखणं अंगातून मेंदूत गेलं. आपल्याकडे ते अजून पुरतं गेलेलं नाही. वारं मानलं की मालिश, शेक, कुठे कुठे कबुतराचं रक्तही, आणि तोवर वेळ हातची जाते. 1995 च्या अमेरिकी चाचणीत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या 3 तासांत उपयोगी ठरलं. 2008 मध्ये ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. डॉक्टर 'विंडो पीरियड' म्हणतात तो हाच. गडचिरोली ते नागपूर अंतर सुमारे 170 किलोमीटर आहे. त्याच गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला: मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला, साधारण सातांत एक.

अफेझियाची गोष्ट पॅरिसची. 1861 मध्ये शल्यचिकित्सक ब्रोका यांच्याकडे आलेला एक रुग्ण 'टॅन' एवढंच बोलू शके, पण सांगितलेलं त्याला बरंच समजे. उजवं अंगही लुळं. तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. 1864 मध्ये ट्रूसो यांनी या अवस्थेला अफेझिया म्हटलं. म्हणून 'मती गेली' म्हणून असा माणूस बाजेवर टाकून देऊ नये. यातल्या काहींना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण पाठ असलेलं भजन सुरात म्हणता येतं.

इथेच जीसीएसचा घोळ होतो. ग्लासगो कोमा स्केल 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी बसवली ती मुख्यतः डोक्याला मार लागलेल्यांची शुद्ध मोजायला: डोळे (ई), बोलणं (व्ही), हालचाल (एम). आज पूर्ण गुण 15. बिना हेल्मेट मोटरसायकलवरून पडलेल्या पोराला ती चपखल बसते. पण वाचा गेलेल्या, टक्क जाग्या म्हाताऱ्याचेही बोलण्याचे गुण कापले जातात आणि बेरीज 12 वर येते. 12 म्हणजे अर्धवट शुद्धीत, असा अर्थ घरच्यांनी परस्पर लावू नये.

महिन्या-दोन महिन्यांनी लुळा हात आखडतो, मूठ वळते, आणि घर घाबरतं. स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी सुधारणेचे सहा टप्पे मांडले. त्यात ताठरपणा दुसऱ्यात सुरू होतो आणि तिसऱ्यात सर्वांत जास्त असतो. म्हणजे नुसती मूठ वळली म्हणून नवा झटका आला असं होत नाही. सगळेच पुढचे टप्पे गाठत नाहीत, हेही तितकंच खरं.

माझ्या मते सगळ्यात तपासून घ्यावा असा आकडा बार्थेलचा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जुनाट आजारांच्या दवाखान्यांत 1955 पासून, रोजची कामं माणूस स्वतः किती करतो याची ही मोजणी वापरात होती. डॉक्टर महोनी आणि फिजिओथेरपिस्ट बार्थेल यांनी ती 1965 मध्ये छापली. कामं दहा: खाणं, अंघोळ, कपडे, शौच-लघवीवर ताबा, पलंगावरून खुर्चीत जाणं, 50 यार्ड चालणं, जिना चढणं वगैरे. एकूण गुण 100. आता हे यवतमाळच्या एखाद्या खेड्यातल्या घरात आणा. जिना नाही, खुर्ची पाहुण्यांपुरती. इथे लागतं ते भुईवरून उठणं, उकिडवं बसणं, उंबरठा ओलांडणं, बंडीवर चढणं. उजवा हात गेला तर डाव्याने जेवायचं आणि डाव्यानेच धुवायचं, याची लाज कित्येकांना लकव्याहून जड जाते. कापूस वेचायला दोन्ही हात लागतात: एकाने बोंड धरायचं, दुसऱ्याने ओढून ओटीत टाकायचं. 90 गुण मिळालेली बाई वेचणीला जाऊ शकेलच असं नाही.

हा परकेपणा इतरत्रही आहे. लकव्याचा जोर मोजणाऱ्या एनआयएचएसएस या तपासणीत रुग्णाला एक चित्र दाखवून वर्णन करायला सांगतात; त्या मूळ चित्रात सिंक भरून वाहतंय आणि स्टुलावर चढलेला पोरगा बरणीतली बिस्किटं चोरतोय. चूल पाहिलेल्या आजीने चित्राचं वर्णन अर्धवट सोडलं, तर तो दोष दरवेळी मेंदूचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये अपंगत्व मोजण्याची चौकट बदलली; घर, रस्ता, काम यांनाही त्यात जागा दिली. दिव्यांग प्रमाणपत्रावर मात्र टक्केच येतात, आणि 2016 च्या कायद्यातल्या राखीव सवलतींसाठी ते किमान 40 लागतात. फिजिओथेरपिस्टपुढे बसाल तेव्हा टक्के नंतर काढा. आधी सांगा की घरी शौचालय उकिडवं बसायचं आहे, शेत पांदणीच्या पलीकडे आहे आणि वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते. व्यायाम त्यावर बेतता येतात.